तार, तांबे आणि काच



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला तेव्हा आम्ही सांगितले की, घरात ब्रॉडबँड इंटरनेट घ्यावयाचे तर कोणकोणते साहित्य लागते, यावर आम्ही बोलू. चालक क्षणभर गप्प राहिले. वसंत व्याख्यानमाला म्हटली की शिवचरित्र, संतवाङ्मय, फार तर देशाची अर्थनीती. तेथे राउटर आणि केबल यांचे काय काम, असे त्यांच्या मनात आले असावे. पण न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात ही प्रथा पाडली ती लोकांना आपल्या काळाची ओळख व्हावी म्हणून. आपल्या काळाची ओळख करून घ्यावयाची तर आपल्या भिंतीवर जी वस्तू टांगलेली आहे तिच्यापासूनच सुरुवात करावी, हे आम्हांला रास्त वाटते.

दुसरेही एक कारण आहे. आम्ही शाळा फार शिकलो नाही. सातवीनंतर घरच्या परिस्थितीने आम्हांला कामावर धाडले, आणि ते काम होते टेलिफोनच्या केबलसाठी चर खोदण्याचे. पुढे युनियनच्या कचेरीतल्या कपाटातील पुस्तकांनी आम्हांला जे शिकविले तेवढीच आमची विद्या. तेव्हा या विषयाकडे आम्ही वरून नव्हे, चरातून पाहिलेले आहे. श्रोत्यांनी ते लक्षात घेऊन आमचे बोलणे गोड करून घ्यावे.

प्रथम साहित्याची यादीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना तेवढेच हवे आहे त्यांची सोय होईल. रस्त्यावरच्या खांबाला एक लहान पेटी असते. तिच्यातून आपल्या घरापर्यंत एक बारीक काळी केबल येते, तिला ड्रॉप केबल म्हणतात. हिच्या पोटात काचेचा तंतू आणि त्याला ताण बसू नये म्हणून सोबत पोलादी तार असते. घरात भिंतीवर एक छोटी डबी बसवितात, तिच्यात हा तंतू दुसऱ्या लहान वायरीला जोडला जातो. ती वायर ज्या पांढऱ्या पेटीत जाते ती ओएनटी. प्रकाशाचे विजेच्या खुणांत रूपांतर करणे हे तिचे काम. त्या खुणा घरभर वाटणारा तो राउटर. पुष्कळदा ही दोन्ही यंत्रे एकाच पेटीत असतात. पेटीला १२ व्होल्टचा अडॅप्टर लागतो, आणि आपल्याकडे वीज जाते म्हणून त्याच व्होल्टची लहान बॅटरीपेटी, म्हणजे मिनी यूपीएस, घेतलेली बरी. संगणक पेटीजवळ असेल तर लॅन केबल घ्यावी. ती १०० मीटरपर्यंत चालते आणि हवेतून येणाऱ्या वायफायपेक्षा ती अधिक भरवशाची. वायफायचे दोन पट्टे असतात. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगाने कमी पण भिंतीपलीकडे पोचणारा. ५ गिगाहर्ट्झचा वेगवान पण भिंतीपुढे लवकर दमणारा. आपल्या जुन्या वाड्यांच्या दगडी आणि पांढऱ्या मातीच्या भिंती हात-दीड हात रुंद. तेव्हा पेटी कोनाड्यात किंवा लोखंडी कपाटामागे न ठेवता घराच्या मध्यावर, उंच जागी ठेवावी. पेटीवर तांबडा दिवा लागला तर बाहेरचा प्रकाश आत येत नाही असे समजावे. मग पेटी दहा वेळा बंद-चालू करून उपयोग नाही, लाईनमनलाच बोलवावे. आणि तुटलेल्या तंतूच्या टोकात डोळा घालून पाहू नये, कारण त्यातला प्रकाश दिसत नसला तरी तो असतो.

ही झाली यादी. आता या यादीतली प्रत्येक वस्तू कोठून आली आणि तिच्यामागे किती हात राबले, ते पाहू.

तार

विल्यम ओशॉनेसी नावाचा एक डॉक्टर कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवीत असे. १८३९ साली त्याने कलकत्त्याजवळ तारेतून संदेश पाठविण्याचा प्रयोग केला. कंपनी सरकारने त्याकडे दहा-अकरा वर्षे लक्ष दिले नाही. पुढे लॉर्ड डलहौसीला साम्राज्य एका मुठीत धरावयाचे होते, तेव्हा १८५० साली कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी पहिली तार टाकण्यास आरंभ झाला, आणि १८५४ पर्यंत कलकत्ता, आग्रा, मुंबई आणि मद्रास ही शहरे तारेने जोडली गेली. १८५७ च्या उठावात बंडवाल्यांनी जागोजागी तारा तोडल्या. तार कोणाच्या कामाची आहे, हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात तार आली ती आगगाडीच्या रुळांबरोबर. भुसावळहून नागपूरला जाणारा लोहमार्ग १८६७ साली पुरा झाला. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही स्टेशने त्याच मार्गावरची. १८७० साली जलंब ते खामगाव असा फाटा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते उघडण्यात आला. खामगावात असे काय होते? कापूस होता. आणि त्याच १८७० साली मुंबईला समुद्राच्या तळातून एडन-सुएझमार्गे विलायतेची तार येऊन लागली. या दोन गोष्टी एकाच वर्षी घडल्या, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. रुळांवरून गाठी जावयाच्या आणि तारेतून भाव यावयाचा. ज्याच्या हाती तार, त्याला भाव आधी कळे. ज्याच्या हाती नांगर, त्याला तो अडत्याच्या तोंडून कळे. मेहकर तालुक्यात तर आजही आगगाडी नाही. खामगाव-जालना मार्गाची मागणी करता करता आमच्या कित्येक पिढ्या खपल्या. आमच्या डोणगावचा शेतकरी मेहकर-मालेगाव रस्त्याने बैलगाडी हाकीत गेला आणि बाजारात पोचल्यावर त्याला भाव समजला, असे शंभर वर्षे चालले.

तारेचे हे यंत्र चालविणारे लोक कोण होते? सिग्नलर. बोटाने कट्ट-कड करीत ते रात्रंदिवस बसत. १९०८ साली कामाच्या नव्या पाळ्यांवरून त्यांनी संप पुकारला. रंगून, कलकत्ता, मुंबई, मद्रास येथील तारघरे थंड पडली, आणि सरकार व व्यापारी दोघेही हवालदिल झाले. त्याच वर्षी जुलैत लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस हरताळ पाळला. हा दुसरा संप आपण सारे जाणतो, शाळेतल्या मुलांनाही तो पाठ असतो. पहिल्याचे नाव सहसा कोणी काढीत नाही. वस्तुतः देशभर पसरलेला, एकाच खात्यातला आणि एकाच वेळचा असा तो आपल्याकडचा फार आरंभीचा संप होय. आणि तो पसरू शकला याचे कारण उघड आहे. ज्या तारेवर सरकार हुकूम पाठवी त्याच तारेवर संपकरीही एकमेकांशी बोलत होते.

पुढे तार दुःखाची झाली. तारवाला दारात दिसला की बायकांच्या पोटात धस्स होई. १५ जुलै २०१३ पासून ती सेवा कायमची बंद झाली.

तांबे

टेलिफोन मुंबईत आला १८८२ साली. तारेत टिंब आणि रेघ जात असे. आता माणसाचा आवाज जाऊ लागला, आणि त्यासाठी तांब्याच्या दोन तारांची जोडी घरापर्यंत आणावी लागली. पण ही जोडी गावोगाव यावयास शंभर वर्षे लागली. आपल्यापैकी जे साठीच्या पुढे आहेत त्यांना ट्रंक कॉल आठवत असेल: नंबर लावावा, पोस्टात बसून राहावे, 'अर्जंट'चे दुप्पट पैसे भरावेत, आणि लाईन लागली की अख्ख्या पोस्टाला ऐकू जाईल अशा आवाजात घरची गोष्ट सांगावी. मधल्या बाईची गरज न लागता परगावी थेट नंबर फिरविण्याची सोय देशात प्रथम १९६० साली लखनौ आणि कानपूर यांच्या दरम्यान झाली. खेड्यांच्या दृष्टीने मोठी घटना मात्र पुढची. १९८४ साली सरकारने सी-डॉट ही संस्था काढली. सॅम पित्रोदा यांचे नाव तिच्याशी जोडलेले आहे. तिच्या तरुण इंजिनियरांनी १२८ लाईनींचे एक लहान एक्स्चेंज तयार केले. परदेशी यंत्रांना थंडगार खोली लागे. हे यंत्र आपल्या धुळीत आणि उन्हाळ्यात चाले. १९८६ साली ते कर्नाटकातल्या कित्तूर येथे प्रथम बसले, आणि तेथून गावोगाव गेले. पिवळ्या पाट्यांची एसटीडी-पीसीओ दुकाने उगवली ती यानंतर.

या तांब्यावरच प्रथम इंटरनेट आले. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी ते सर्वसामान्यांना खुले केले. त्या वेळी मोडेम नावाची पेटी टेलिफोनला जोडावी लागे, ती किरकिरत नंबर फिरवी, आणि जोपर्यंत इंटरनेट चाले तोपर्यंत घरचा फोन बंद राही. पुढे इंजिनियरांच्या ध्यानात आले की माणसाचा आवाज तांब्याच्या अंगातली फार थोडी जागा अडवितो; चार हजार कंपनांच्या वरची सारी जागा रिकामीच पडलेली असते. त्या रिकाम्या जागेतून संगणकाचे बोलणे न्यावे, आणि आवाज व संगणक यांची गल्लत होऊ नये म्हणून दाराशी एक चाळणी बसवावी. त्या चाळणीला स्प्लिटर म्हणत. टेलिफोनची तार, स्प्लिटर, मोडेम आणि दोन लहान वायरी, एवढे साहित्य घरात आले की ब्रॉडबँड आले. ऑक्टोबर २००४ मध्ये सरकारने ब्रॉडबँडचे धोरण जाहीर केले आणि सेकंदाला २५६ किलोबिट एवढा वेग म्हणजे ब्रॉडबँड असे ठरविले. आज ती व्याख्या २ मेगाबिट, म्हणजे सुमारे आठपट झालेली आहे. हा बदल जानेवारी २०२३ मधला.

पण तांब्याला एक खोड होती. एक्स्चेंजपासून घर जसजसे दूर, तसतसा वेग मंदावे, आणि चार-पाच किलोमीटरनंतर बहुधा काहीच हाती लागत नसे. गावातल्या माडीला ब्रॉडबँड आणि शेतातल्या वस्तीला ठणठणाट. दुसरी खोड आमच्या काळ्या भुईची. ही भुई उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. केबल ओढली जाते, सांध्यात पाणी शिरते, आणि फोन खरखरू लागतो. मग जॉइंटर खड्ड्यात उतरे. शंभर शंभर जोड्यांची केबल, प्रत्येक जोडीचा रंग वेगळा, तो उन्हात छत्री बांधून एकेक जोडी जुळवीत बसे. आम्हांला अशाच एका वृद्ध जॉइंटरने रंगांचा क्रम शिकविला आणि त्याबरोबर वर्तमानपत्र वाचावयास लावले. तो म्हणे, "केबलचा रंग ओळखतोस, मग अक्षराला का भितोस?" आमची शाळा सुटल्यावर भेटलेला तो आमचा पहिला मास्तर.

चर

आता ज्या गोष्टीचे साहित्याच्या कोणत्याही यादीत नाव नसते तिच्याकडे येतो. ती म्हणजे चर. तार आकाशातून जाते, पण केबल भुईतून जाते, आणि भुई कोणाला तरी खोदावी लागते. तांब्याची केबल साधारण हात-दोन हात खोल. काचेच्या केबलसाठी टेलिफोन खात्याचा नियम १६५ सेंटिमीटरचा, म्हणजे चर जवळपास माणसाच्या उंचीएवढा खोल. मुरूम लागला तर दिवसभरात चार-पाच मीटरही निघत नसे.

हे खोदणारे लोक रोजंदारीवर असत. वर्षानुवर्षे तेच काम, तेच खाते, पण मजूर 'कच्चा'. सुट्टी नाही, आजारपण नाही, पेन्शन नाही. या मजुरांचे गाऱ्हाणे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि २७ ऑक्टोबर १९८७ रोजी न्यायालयाने निकाल दिला की, नेहमीच्या कामगारांचे काम करणाऱ्या रोजंदारी मजुरांना त्या पदाच्या किमान वेतनश्रेणीइतका पगार द्यावा, आणि एक वर्षाहून अधिक काळ सलग काम केलेल्यांना कायम करण्याची योजना आखावी. ती योजना १९८९ साली आली. देशातल्या हजारो चर खोदणाऱ्यांच्या घरी त्या निकालाने चूल पेटली, असे म्हणावयास हरकत नाही. आम्ही स्वतः त्या योजनेत बसलो नाही, कारण आम्ही खात्याच्या नव्हे तर एका ठेकेदाराच्या हजेरीवर होतो, आणि त्या हजेरीत आमचे नाव महिन्यातून कधी बारा तर कधी चौदाच दिवस लागे, काम आम्ही सव्वीस दिवस केले तरी. कोणाच्या वहीत आपले नाव आहे आणि किती दिवस आहे, हा प्रश्न मजुराच्या आयुष्यात किती मोठा असतो, ते आम्हांला तेथे कळले. युनियनच्या कामाला लागलो ते त्यापायीच.

काच

आता काचेची गोष्ट. काचेतून प्रकाश पाठविता येतो हे पुष्कळ आधीपासून माहीत होते. पंजाबात जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानी या शास्त्रज्ञाने त्या विषयात मोठे काम केले आणि २०२१ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. अडचण अशी होती की साध्या काचेत प्रकाश काही मीटरांतच विझून जाई. १९६६ साली चार्ल्स काव नावाच्या चिनी वंशाच्या इंजिनियराने आपल्या सहकाऱ्यासह असे मांडले की दोष प्रकाशाचा नाही, काचेतल्या अशुद्धीचा आहे. काच शुद्ध करा, आणि एक किलोमीटरनंतर शंभरांतला एक हिस्सा जरी प्रकाश उरला तरी टेलिफोनचे काम होईल. चारच वर्षांनी, १९७० मध्ये, अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तशी काच करून दाखविली. आजच्या चांगल्या तंतूतून एक किलोमीटर गेल्यावर शंभरातले सुमारे पंचाण्णव हिस्से शिल्लक राहतात. काव यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आणि मौज अशी की ही काच भारतात टेलिफोनच्या कामी प्रथम आली ती आपल्या महाराष्ट्रात. १९७९ साली पुण्यात दोन एक्स्चेंजांना जोडणारी देशातली पहिली काचेची लाईन सुरू झाली. त्याच पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ आर्वी येथे १९७१ साली उपग्रहाशी बोलणारे विक्रम केंद्र उभे राहिले होते. पण जगाचा बोजा शेवटी उपग्रहाने नव्हे, समुद्रतळाच्या काचेने उचलला. १९९७ साली फ्लॅग नावाची केबल मुंबईला लागली. १८७० ची तार ज्या समुद्रमार्गाने आली जवळपास त्याच मार्गाने हीही आली. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तच्या किनाऱ्याजवळ अशा केबली तुटल्या, आणि त्या दिवशी आपल्या देशातले इंटरनेट लंगडे झाले. पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांतल्या लोकांना तेव्हा प्रथम कळले की इंटरनेट आकाशात नसते.

हा तंतू किती बारीक? बाहेरून मिलिमीटरचा आठवा हिस्सा. आणि ज्या गाभ्यातून प्रकाश धावतो तो तर नऊ मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे एका मिलिमीटरात असे शंभराहून अधिक गाभे शेजारी शेजारी मावतील. दोन तंतू जोडावयाचे तर त्यांची टोके सरळ कापून, स्पिरिटने पुसून, यंत्रात समोरासमोर धरून विजेच्या ठिणगीने वितळवावी लागतात. याला स्प्लाइसिंग म्हणतात. कापताना उडालेला काचेचा कण बोटात शिरला तर तो दिसतही नाही आणि निघतही नाही. पूर्वी जॉइंटर खड्ड्यात बसे. आताचा मुलगा शिडीवर बसतो, मांडीवर यंत्र घेऊन.

काच गावापर्यंत आणण्यासाठी २५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याची योजना मंजूर केली. अडीच लाख ग्रामपंचायती जोडावयाच्या होत्या. तिचेच पुढे भारतनेट झाले. पहिला टप्पा डिसेंबर २०१७ मध्ये एक लाखावर ग्रामपंचायतींपर्यंत गेला. पण ग्रामपंचायतीच्या कचेरीत पेटी बसली म्हणजे गावात इंटरनेट आले असे होत नाही. रस्ता रुंद करणारा जेसीबी एका घासात केबल तोडतो, वीज नसली की पेटी झोपते, आणि ती दुरुस्त करावयाची कोणी, याचा पत्ता लागत नाही. कारण तांब्याच्या काळातले माणूसबळही ओसरले. १ ऑक्टोबर २००० रोजी टेलिफोन खात्याची भारत संचार निगम ही कंपनी झाली. आणि २०१९ च्या स्वेच्छानिवृत्ती योजनेखाली ३१ जानेवारी २०२० या एकाच दिवशी तिचे ७८ हजारांहून अधिक कर्मचारी, म्हणजे जवळपास निम्मे, घरी गेले. त्यांची जागा ठेक्याच्या मुलांनी घेतली.

पाटाचे पाणी

श्रोत्यांपैकी पुष्कळ जण विचारतात की, जाहिरातीत शंभराचा वेग सांगतात, आणि संध्याकाळी चित्रपट लावला की चक्र फिरत राहते, हे का? याचे उत्तर शेतकऱ्याला समजावयास कठीण नाही. एक्स्चेंजमधून निघालेला एकच तंतू खांबावरच्या काचेच्या वाटणीपेटीत ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. नेहमीच्या पद्धतीत त्या तंतूतून सेकंदाला सुमारे अडीच हजार मेगाबिट येतात. चौसष्टांनी एकदमच पाणी सोडले तर प्रत्येकाच्या वाट्याला चाळीसच्या आत येईल. एरवी सगळे एकदम घेत नाहीत म्हणून भागते. हे पाटाचे पाणीच आहे. बारी लावली नाही तर टेलवाल्याचे शेत कोरडे. शिवाय एक्स्चेंजला पाठीमागून येणारा पुरवठाच तोकडा असेल तर खांबावरच्या पेटीला दोष देऊन काय उपयोग? म्हणून लाईन घेताना वेगाचा आकडा विचारावा, पण एका तंतूवर किती घरे घातली आहेत आणि बिघाड झाल्यास किती तासांत माणूस येतो, हेही विचारावे.

आणि साहित्य आणले म्हणजे काम झाले, असेही समजू नये. १९९८ साली कोल्हापूर जिल्ह्यात, तात्यासाहेब कोऱ्यांनी उभ्या केलेल्या वारणेच्या सहकारी परिसरात, ७० गावे संगणकांनी जोडण्याचा प्रकल्प झाला. देशभर त्याचे कौतुक झाले. काही वर्षांनी बंगलोरच्या संशोधकांनी जाऊन पाहिले तेव्हा असे आढळले की गावातले संगणक मुख्यतः उसाच्या वजनाची आणि बिलाची माहिती पाहण्यासाठीच वापरले जातात. त्यांनी मग काही गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइलच्या निरोपावर तीच माहिती देऊन पाहिली, आणि शेतकऱ्यांना ती अधिक सोयीची वाटली. पुढे २०१६ साली मेळघाटातले हरिसाल हे गाव मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या सहकार्याने डिजिटल गाव म्हणून गाजले, आणि तीनच वर्षांत तेथे काय चालते आणि काय बंद पडले यावर जाहीर सभांतून वाद झाला. आम्ही या प्रयत्नांची टिंगल करीत नाही. पहिला चर कोणीतरी खोदावाच लागतो. आमचे म्हणणे एवढेच की, उद्घाटनाच्या दिवशी पेट्या मोजतात, तशी वर्षाने चालू पेट्यांची मोजदाद व्हावी.

कोणी म्हणेल, मजुराला ब्रॉडबँड कशाला? तर ऐका. २६ ऑगस्ट २०२१ पासून असंघटित कामगारांची नोंद ई-श्रम या संकेतस्थळावर होऊ लागली. रोजगार हमीचा कायदा आपल्या महाराष्ट्राने १९७७ साली देशात प्रथम केला, तेव्हा हजेरी कागदी मस्टरवर लागे. पुढे देशभरच्या योजनेत १ जानेवारी २०२३ पासून सार्वजनिक कामांवरची हजेरी मोबाइलवर, दिवसातून दोनदा छायाचित्र काढून लावण्याची सक्ती झाली. ज्या माळरानावर रेंज नाही तेथे बायका उन्हात मेटाच्या हातातल्या फोनकडे पाहत उभ्या राहिल्या, कारण छायाचित्र गेले नाही तर दिवस बुडाला. १८७० साली तार नसलेल्याला भाव कळत नव्हता. आता रेंज नसलेल्याची हजेरी लागत नाही.

खोक्यातली पावती

शेवटी एक प्रसंग सांगून आम्ही आपली रजा घेतो. चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. जिल्ह्यातल्याच एका गावी बावीस वर्षांचा एक मुलगा खांबावर ड्रॉप केबल बांधीत असता पडला. पायाचे हाड मोडले, कंबरेला मार बसला. आम्ही गेलो. ठेकेदार म्हणाला, हा मुलगा आमचा नव्हेच. त्याच्यावरचा ठेकेदार म्हणाला, आम्ही त्याला ओळखत नाही. कंपनी तर फोनवर इंग्रजीत बोलली. कामगाराला अपघाताची भरपाई देण्याचा कायदा या देशात १९२३ सालापासून होता. त्याची जागा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. पण कायदा कोणताही असो, प्रथम सिद्ध करावे लागते की माणूस कामावर होता. आणि वहीत त्याचे नाव नव्हते. आम्हांला आमचे बारा दिवस आणि चौदा दिवस आठवले.

त्या मुलाच्या आईने युक्ती सांगितली. ती म्हणाली, "दादा, त्यानं ज्यांच्या घरी पेट्या बसवल्या त्यांना विचारा नं." आम्ही घरोघर गेलो. लोकांनी राउटरची खोकी माळ्यावर जपून ठेवलेली होती, कोणी त्यात बांगड्या ठेवल्या होत्या, कोणी कागदपत्रे. पुष्कळ खोक्यांत जोडणीची पावती निघाली: तारीख, पेटीचा क्रमांक, आणि खाली त्या मुलाची सही. एकतीस पावत्या जमल्या. त्या मांडल्या तेव्हा ठेकेदाराची भाषा बदलली. दवाखान्याचा खर्च मिळाला आणि काही महिन्यांची मजुरी मिळाली. कायद्याने मिळावयास हवे होते तेवढे मिळाले नाही. मुलगा हप्ते भरीत असलेल्या मोटारसायकलचे पैसे थकले होते, त्याला थांबता येत नव्हते, म्हणून तडजोड करावी लागली. त्या तडजोडीचे समाधान आम्हांला आजही नाही. तो आता खांबावर चढत नाही, दुकानात बसतो.

सभ्य गृहस्थहो, नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८९० साली गिरणी कामगाराला रविवार मिळवून दिला. आपल्या घरी रविवारी सकाळी लाईन दुरुस्त करावयास जो मुलगा येतो त्याला तो रविवार अजून मिळालेला नाही. आम्ही त्याचे संघटन करीत आहोत. काम सावकाश चालले आहे, कारण ही मुले एका छपराखाली जमत नाहीत. गिरणीला भोंगा होता, यांना भोंगा नाही. पण यांच्याजवळ फोन आहे, आणि १९०८ च्या सिग्नलरांप्रमाणे ज्या तंतूवर यांचे काम चालते त्याच तंतूवर यांना एकमेकांशी बोलताही येते.

तेव्हा आपल्या यादीत आणखी दोन वस्तू घाला. लाईन बसवावयास येणाऱ्याचा पट्टा आणि शिरस्त्राण आहे की नाही ते पाहा. नसेल तर त्याला वर चढू देऊ नका, आणि त्याच्या मालकाला फोन करा. दुसरी वस्तू म्हणजे पावती. तिच्यावर त्याचे पूर्ण नाव लिहून घ्या, तारीख घाला, आणि ती खोक्यात जपून ठेवा. खोके फेकू नका.

 कोणाला पेटी कोठे लावावी हे विचारावयाचे असेल तर आम्ही पाठीमागे थांबतो.